मेलेल्या बियांचा पंचनामा

१

बी मेलं होतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मारलं कोणी, एवढंच ठरायचं होतं, आणि संचालकांच्या मते तेही ठरलेलंच होतं.

माझ्या नोकरीत खून येत नाहीत. गहाळ झालेल्या फायली येतात, छताचे पंखे उतरवून घरी नेणारे महाभाग येतात. मुख्य कचेरीनं मला चौकशी अधिकारी केलं तेव्हा मी हुरळून गेले होते. पण वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारून आणि तेच खोटं ऐकून आता जीव विटला आहे. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसा डोळे उघडे राहत नाहीत. अशा अवस्थेत मला तेलबिया संशोधन केंद्रात पाठवलं गेलं, सूर्यफुलाच्या एका पिशवीसाठी.

संचालकांनी बसायलासुद्धा सांगितलं नाही, थेट प्रयोगशाळेत नेलं.

"हे बघा," ते म्हणाले.

टेबलावर तबकं मांडली होती. प्रत्येकात ओला कागद आणि त्यावर रांगेनं सूर्यफुलाचे दाणे. काळे, टपोरे, जसे ठेवले तसेच. एकालाही मोड नव्हता. शेजारच्या तबकात कसल्या तरी जुन्या शेंगदाण्यांवर बुरशीच्या मिशा उगवल्या होत्या आणि त्याचा वास असा होता की मी नाकाला पदर लावला.

"ते दुसरं आहे," प्रयोगशाळेच्या मॅडम घाईनं म्हणाल्या. वाकून वाकून दाणे मोजण्यात त्यांची पाठ गेली होती. बोलताना एक हात कमरेवर असायचा. "ते टाकायचंच आहे. सूर्यफुलाचा काही त्रास नाही. तबकं पुसायचीसुद्धा गरज पडली नाही यंदा."

"हा वाण आमच्या जुन्या साहेबांचा," संचालक म्हणाले. "पैदास करता करता त्यांचे केस पिकले. कमी पाण्यात येतो, तेल भरपूर. जगातलं सगळं बी त्या एका पिशवीत होतं. ऑक्टोबरच्या उन्हात शीतगृहाचं मशीन बंद पडलं, भांडारवाल्यानं वर कळवलं नाही, बी शिजून मेलं. सरळ प्रकरण आहे. मेलेलं बी नियमानं जाळावं लागतं, नाहीतर कोणीतरी चोरून विकतं. आज संध्याकाळी बी भट्टीत आणि भांडारवाला घरी. तुमची फक्त सही हवी."

घरी म्हणजे कुठे, ते मी येताना पाहिलं होतं. केंद्राच्या आवारात त्याला खोल्या मिळाल्या होत्या, नोकरीबरोबर त्याही जाणार होत्या. ओट्यावर एक बाई जुन्या चादरीत पातेली बांधत होती. एक गाठ बांधायची, थांबायची, पुन्हा सोडायची.

मी सही करून गाडी पकडली असती तर मला कोणी दोष दिला नसता. पण पेन उघडता उघडता, निव्वळ सवयीनं, मी मॅडमना विचारलं, "त्याच फळीवर दुसरं बी होतं का?"

"होतं. जवस होतं, तीळ होते, दुसऱ्या वाणाचं सूर्यफूलही होतं."

"त्याचं काय झालं?"

मॅडमनी संचालकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सगळं उगवलं," त्या म्हणाल्या.

२

भांडारवाल्याला सगळं आवार पाठीमागे 'कुलूप' म्हणायचं. दाराला कुलूप, कपाटाला कुलूप, चहाच्या डब्यालासुद्धा. कडी लावली की तीनदा ओढून बघणार. असल्या माणसानं मशीन बंद पडल्याचं कळवलं नाही, हे मला पटत नव्हतं. वयानं माझ्याच बरोबरीचा, पण तोंडावर सगळे काका म्हणत, म्हणून मीही म्हटलं.

"काका, मशीनचं काय झालं?"

"बंद पडलं. साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. फोनवर होते, मान हलवली. मी पदरच्या पैशानं बर्फाच्या लाद्या आणून लावल्या. सगळ्या फळ्यांना."

"मग हे बोलत का नाही?"

"बोललो. मान हलवलेली कोण सिद्ध करणार?"

शीतगृहाच्या अलीकडच्या खोलीत पोती आणि पिशव्या होत्या. मी प्रत्येक उघडून बघायला लागले आणि माझी शिंकांची माळ सुरू झाली. धुळीचं आणि माझं जन्माचं वैर आहे. तीळ, शिंक. जवस, शिंक. करडई, दोन शिंका.

"शेतातनं आलेला माल, बाई. कितीही पाखडा, माती जात नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी मला स्वतःचा धुतलेला रुमाल दिला.

शेवटी ती पिशवी आली. जाड कापडाची, वर चिठ्ठी: वाणाचं नाव, आणि गेल्या थंडीत शेतातून काढलेलं बी, अशी नोंद. मी हात आत घातला, दाणे वरखाली केले, नाकाजवळ नेले.

"ही पिशवी आली तेव्हा काही वेगळं वाटलं?" मी विचारलं.

इतका वेळ सरळ बोलणारा माणूस एकदम किल्ल्यांच्या जुडग्याशी खेळायला लागला.

"आली तशी आत ठेवली."

"जुन्या साहेबांशी तुमचं वाकडं होतं?"

"वाकडं?" काकांना खरंच राग आला. "ते थंडीभर दवाखान्यात होते, तेव्हा रोज संध्याकाळी डबा घेऊन कोण जात होतं, विचारा."

"मग काय लपवताय?"

"मला काही सांगायचं नाही, बाई. तुम्ही लिहा काय लिहायचं ते."

निर्दोष माणूस इतक्या सहज घर सोडायला तयार होत नाही. मी बाहेर आले, रुमाल परत करायला पर्समध्ये हात घातला, आणि थबकले. शेवटच्या पिशवीला मला शिंक आली नव्हती.

३

करडईवाले डॉक्टर हे संचालकांचे दुसऱ्या क्रमांकाचे आवडते संशयित. सूर्यफुलाची जमीन आपल्याला मिळावी म्हणून ते सारखे अर्ज करत. हातभर ओरखडे, चेहऱ्यावर कायमचं हसू.

"मला त्या वाणाचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "पण बी मारून जमीन मिळत नाही हो. अर्ज करून मिळते, तीही मिळत नाही."

"मग कोण मारेल?"

"पोपट!" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "अहो, सूर्यफुलाचं काम म्हणजे अर्धं संशोधन आणि अर्धी पोपटांशी मारामारी. दाणा भरायला लागला की प्रत्येक फुलाला कापडी टोपी घालावी लागते, नाहीतर एका आठवड्यात नुसती चाळण उरते. माझ्या करडईला काटे आहेत, तिला कोणी शिवत नाही. गेल्या थंडीत तर पोपट असे गुबगुबीत झाले होते की तारेवर बसले तर तार वाकायची."

"काय खाऊन?"

"ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या पाखरांची चौकशी मी करत नाही."

"सूर्यफुलाचं काम आता कोण बघतं?"

"जुन्या साहेबांची सून. हुशार पोरगी. पण नवरा जहाजावर, सासरे अंथरुणावर, नोकरी ही अशी. एक पाय घरात, एक इथे. तिच्याशी माझं भांडण एकाच गोष्टीचं. उन्हाळाभर मी काचघर मागत होतो. तिनं कुलूप लावून ठेवलं. म्हणे काचा बदलायचं काम चाललंय."

त्यांच्या खोलीतून सूनबाईंच्या खोलीकडे जाताना काचघर लागतं. मी दुपारच्या उन्हात तिथे उभी राहिले. आतले दोन्ही मोठे पंखे गंजून बसले होते. एका काचेला तडा होता, तड्यावर जुनी पिवळी चिकटपट्टी आणि पट्टीवर कोळ्याचं जाळं. एकूण एक काच हिरवट, जुनी, चौकटीत मुरलेली. इथली एकही काच बदललेली नव्हती.

४

सूनबाई टेबलावर डोकं ठेवून झोपल्या होत्या. हातात पेन तसंच. मी खुर्ची ओढली तरी उठल्या नाहीत. मला त्यांचा हेवा वाटला, आणि उठवताना वाईटही वाटलं.

"माफ करा," त्या दचकून म्हणाल्या. "बाबांना रात्री झोपून श्वास घेता येत नाही. धरून बसवावं लागतं. मग माझी ही अशी गत होते."

"किती दिवस चाललंय?"

"गेल्या थंडीपासून. आधी दवाखान्यात होतो, मग घरी आलो."

तिशी ओलांडलेली बाई, पण डोळ्यांखाली माझ्यापेक्षा काळं. केसांत तेल नव्हतं, साडीची पिन उलटी लावलेली. खिडकीजवळच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत कापडी टोप्यांचा गठ्ठा दिसत होता. पांढऱ्याशुभ्र, घडी न मोडलेल्या.

"बी तुम्हीच काढलं?"

"हो. चिठ्ठीवर लिहिलंय ते."

"काचघराच्या काचा कधी बदलणार?"

पेनाचं टोपण लावताना त्यांचा हात चुकला. "माणूस आलाच नाही. राहून गेलं."

"सासऱ्यांना कळलंय का बियाचं?"

"नाही!" त्या जवळजवळ ओरडल्या. "त्यांच्या छातीला झेपणार नाही. ते रोज विचारतात, उगवण किती आली? मी सांगते, चाचणी चालू आहे. बाई, एक विनंती करू? जे मेलंय ते जाळून टाका ना. आजच जाळा. किती दिवस ते तबक बघायचं?"

"आणि भांडारकाका?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही, इतक्या त्या थकल्या होत्या.

ज्याचं काही चोरीला जातं तो माणूस मला सोडत नाही, हा माझा अनुभव. शोधा, पुन्हा बघा, नीट बघा, म्हणत मागे लागतो. इथे ज्या बाईचं अख्खं घर त्या बियात गुंतलं होतं, तीच म्हणत होती, लवकर जाळा.

५

जुन्या साहेबांचं घर आवाराच्या भिंतीलगत होतं. खिडकीशी पलंग, पाठीला चार उशा, आणि त्यांत रेललेला एक अगदी बारीक झालेला माणूस. डोळे मात्र टकटकीत. मी मुख्य कचेरीतून तब्येतीची विचारपूस करायला आले आहे, असं सांगितलं.

"मुख्य कचेरीला माझी काळजी?" ते म्हणाले. "बाई, थाप मारायची तर जरा पटेल अशी मारा. काय झालंय?"

मला सांगायचं नव्हतं. पण पिशवीतले चार दाणे मी मुठीत आणले होते आणि मूठ कधी उघडली ते कळलं नाही. त्यांनी एक दाणा घेतला, अंगठ्याच्या नखानं सालीवर टोचलं, कानाशी नेऊन हलवला, मग उजेडात धरला.

"हे माझं पोर आहे," ते म्हणाले. "पण माझ्या शेतातलं नाही. हे कुठल्या भट्टीत पिकवलंत?"

मी उरलेले तीन दाणेही त्यांच्यासमोर धरले.

"उगवलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"सडलं का?"

मला मॅडमचं बोलणं आठवलं. तबकं पुसायची गरज पडली नाही. आणि शेजारचे ते मिशीवाले शेंगदाणे.

"नाही. जसंच्या तसं आहे."

"मग मेलं कसं? मेलेलं बी ओल्या कागदावर सडतं. हे झोपलंय, बाई. सूर्यफुलाचं ताजं बी झोपतंच, महिना दोन महिने. मग आपसूक जागं होतं. पण दाणा भरताना झाडाला भयंकर ऊन लागलं, तर साल हट्टी होते. आतला जीव तयार असतो, साल त्याला सोडत नाही. असलं बी कितीतरी जास्त झोपतं. आईनं पोटात वाढवताना जे सोसलं ते लेकराच्या अंगात उतरतं, तसलाच प्रकार."

"मग प्रयोगशाळेला हे कळत नाही?"

"कळतं की. ताजं बी आलं आणि उगवलं नाही तर प्रयोगशाळेतली पोरगी साल काढून बघते, औषधात घालून बघते. पण चिठ्ठीवर गेल्या थंडीतलं असं लिहिलं असेल तर कशाला बघेल? इतक्या जुन्या बियाची झोप कधीच उतरलेली असते. जुनं बी उगवलं नाही म्हणजे मेलं, असंच कोणीही धरणार. मीही धरलं असतं." त्यांना धाप लागली. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आळ कोणावर आलाय?"

"भांडारकाकांवर. आज घर सोडतायत."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "तो काही बोलला नाही?"

"नाही."

"नाही बोलणार," ते पुटपुटले. "बाई, हे चार दाणे माझ्याकडे राहू देत. आणि धावा."

"का?"

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. केंद्राच्या भट्टीच्या धुराड्यातून धूर यायला लागला होता.

६

माझे गुडघे धावण्याच्या वयाचे नाहीत. तरी धावले. भट्टीपाशी संचालक हातातलं घड्याळ बघत उभे होते, मॅडम कमरेवर हात ठेवून, सूनबाई भिंतीला टेकून. आणि मध्ये भांडारकाका, एका लोखंडी पेटीसमोर खाली बसलेले.

"बघा तमाशा!" संचालक माझ्यावरच उखडले. "पिशवी पेटीत ठेवली म्हणे, आणि किल्ली सापडत नाही म्हणे! कालपर्यंत या माणसाची एक किल्ली हरवली नव्हती."

काका जुडग्यातली एकेक किल्ली अतिशय सावकाश लावून बघत होते. मला पाहून त्यांनी जुडगा खाली ठेवला.

"राहू द्या किल्ली," मी म्हटलं. "मॅडम, तबकातले भिजलेले दाणे आहेत ना? जिवंत बियाला लाल रंग चढतो, मेलेल्याला चढत नाही, अशी काहीतरी चाचणी असते असं मी ऐकलंय."

"असते. पण ती जुन्या बियाला कशाला..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. "सडलं नव्हतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि पाठीचं दुखणं विसरून प्रयोगशाळेकडे पळाल्या.

दाणे सोलून, उभे चिरून औषधात घातले. रंग चढायला वेळ लागतो. आम्ही पाचही जण त्या टेबलाभोवती बसलो. कोणालाच बोलायचं नव्हतं, म्हणून मीच बोलले.

"ही पिशवी शेतातून आलीच नाही. शेतातल्या प्रत्येक पिशवीला मला शिंका आल्या, हिला एकही नाही, कारण हिच्यात माती नाही. भिंतींच्या आत पिकलेलं बी आहे हे. उन्हाळाभर काचघर बंद होतं, काचा बदलायच्या म्हणून, आणि एकही काच बदललेली नाही. मग आत काय होतं? आणि शेतातलं कुठे गेलं? ते पोपटांना विचारा. थंडीत ते भलतेच गुबगुबीत झाले होते, आणि फुलांना घालायच्या टोप्या घडी न मोडता कपाटात पडून आहेत."

संचालकांनी सूनबाईंकडे पाहिलं. "म्हणजे हिनं मारलं?"

"कोणी मारलेलंच नाही. पण तुम्ही मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता, तेही चोरी झालेली नसताना."

सूनबाई अगदी हळू आवाजात बोलायला लागल्या. त्या आवाजात भीती नव्हती. खूप दिवस धरलेलं ओझं खाली ठेवताना माणूस बोलतो तसं होतं ते.

"बाबा दवाखान्यात होते. मी रात्रंदिवस तिथे. रोज म्हणायचे, टोप्या घाल. मी रोज ठरवायचे, उद्या घालते. एक दिवस येऊन बघितलं तर फुलं रिकामी. माझ्या कपाटात आधीचं एक पुडकं होतं. तेवढंच काचघरात लावलं. पंखे बंद होते. दुरुस्तीला कोणाला बोलावलं असतं तर आत काय आहे ते दिसलं असतं. म्हणून दार लावून घेतलं. आत जाऊन हातानं परागकण फिरवायचे, चक्कर यायची. पीक निघालं. बी ताजं झोपतं हे मला माहीत होतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त थांबले. तरी उगवलं नाही. मला वाटलं, मीच भाजलं त्याला. बाबांच्या जन्माची मेहनत मी काचेत भाजली."

"आणि मी?" भांडारकाका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"ताई, मी ती रिकामी फुलं बघितली होती. पिशवी आली तेव्हाच समजलो, हे शेतातलं नाही. तोंड मिटून बसलो, कारण तुमच्या घरावर संकट होतं. पण माझ्या बायकोनं आज भांडी बांधली. तुम्ही खिडकीतनं बघत होता. मी तोंड मिटलं ते तुमच्यासाठी. तुम्ही तरी उघडायचं होतं."

सूनबाई उठल्या आणि त्यांच्या पायाशी खालीच बसल्या. काकांनी पाय मागे घेतले, पण उठून गेले नाहीत. मला दोघांचीही इतकी दया आली की मी तोंड फिरवलं.

"बाई," मॅडमनी मला हाक मारली. "इकडे बघा."

वाटीतले पांढरे दाणे गुलाबी झाले होते, मग आमच्या डोळ्यांसमोर एकेक करून लाल होत गेले. सगळेच. संचालक उठून गुपचूप बाहेर गेले आणि त्यांनी भट्टी विझवायला सांगितलं. मग भांडारकाकांनी खिशात हात घातला, अगदी वरच्या खिशात, आणि पेटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

७

दोन दिवस मी अहवाल लिहीत तिथेच राहिले. जे घडलं तेच लिहिलं: चिठ्ठीवर खोटं लिहिलं, ते कोणी आणि का, मशीन बंद पडल्याचं कळवल्यावर मान कोणी हलवली तेही. सूनबाईंची खातेनिहाय चौकशी होणार होती, ती टळण्यासारखी नव्हती. काकांच्या घरी पातेली पुन्हा मांडणीवर गेली. ती मांडायला सूनबाई गेल्या होत्या. काकांच्या बायकोनं त्यांना एका शब्दानं विचारलं नाही, पण हाकललंही नाही.

सासऱ्यांना मात्र त्यांनी अजून सांगितलं नव्हतं.

"तुम्ही बरोबर या," निघायच्या दिवशी त्या मला म्हणाल्या. "एकटीनं जमत नाही."

म्हातारा उशांना टेकून बसला होता. मांडीवर घडी केलेला ओला रुमाल. आम्हाला बघताच त्यानं तो उलगडला. चारही दाणे नखानं सोललेले होते आणि चौघांनाही पांढरे, बोटाच्या पेराएवढे मोड आले होते.

सूनबाईंनी ते पाहिले आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून एका दमात सगळं सांगितलं. टोप्या, पोपट, काचघर, चिठ्ठी, भांडारकाका. काही वगळलं नाही.

म्हातारा रुमालाकडे बघत होता.

"पोपटांचं मला माहीत होतं, पोरी," तो म्हणाला. "दवाखान्यातच कळलं. डबा घेऊन भांडारवाला आला होता, त्याचा चेहरा बघून मी ओळखलं, खोदून खोदून विचारलं. त्याला शपथ घातली, मला कळलंय हे तिला सांगू नकोस, ती आपणहून सांगेल."

सूनबाईंनी वर पाहिलं. "मग तुम्ही रोज मला विचारत होता, टोप्या घातल्यास का..."

"वाट बघत होतो. आज सांगेल, उद्या सांगेल. आणि तू म्हणायचीस, घातल्या बाबा. मला वाटायचं, हिला माझी इतकी भीती वाटते?" त्यानं रुमालाची घडी घातली. "माझी तीन पिकं पोपटांनी खाल्लीयत, वेडे. तीन. मी विचारायच्या ऐवजी तेवढंच सांगायचं होतं तुला."

एक वर्षभराचं जागरण, एक खोटी चिठ्ठी, दुसऱ्याचं उठणारं घर, आणि ज्याच्यापासून लपवायला हे सगळं केलं त्याला पोपटांचं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला हसावं की रडावं कळेना. सूनबाई रडल्या, मग हसल्या, मग खुर्चीच्या पाठीवर मान टाकून गप्प झाल्या. मी पाणी आणायला आत गेले आणि परत आले तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात पलंगावर, सासऱ्याच्या हाताजवळ.

मी उठवायला वाकले. गाडीची वेळ झाली होती आणि निरोप घ्यायचा होता.

म्हाताऱ्यानं बोट ओठांवर ठेवलं.

"राहू द्या, बाई," तो कुजबुजला. "रात्री मला बसवायला आज भांडारवाला येणार आहे. त्यानंच निरोप धाडलाय."

मी दार हलकेच ओढून घेतलं.